लहान मुलांची जुनी अमेरिकन सिल्हूट: आधी कड बघा, चेहरा नंतर

सिल्हूट म्हणजे बाजूनं दिसणाऱ्या माणसाची सावलीसारखी काळी आकृती. लहान मुलाचं जुनं अमेरिकन सिल्हूट हातात आलं की बहुतेक जण चेहऱ्याकडे बघतात, मग मागची चिठ्ठी वाचतात आणि तिथंच थांबतात. माझं सांगणं याच्या उलट आहे. आधी कापलेली कड बघा, मग कागद, मग कपडे. चौकट आणि नाव सगळ्यात शेवटी.

याचं कारण साधं आहे. मोठ्या माणसाच्या बाजूच्या चेहऱ्यात ओळखीच्या खुणा भरपूर असतात: नाकाचा बाक, हनुवटी, कॉलर, केसांची बांधणी. मुलाच्या चेहऱ्यात गोल कपाळ, बसकं नाक आणि इवलीशी हनुवटी एवढंच. त्यामुळे कुठलीही गोलसर काळी आकृती ‘मूल’ म्हणून खपून जाते. त्यातच मुलांच्या सिल्हूटला, त्यातही हातात खेळणं असलेल्या पूर्णाकृतीला, मोठ्यांच्या साध्या मुखाकृतीपेक्षा मागणी जास्त. म्हणून बनावट काम इथं जास्त होतं आणि चुकीची ओळखही इथंच जास्त चिकटते.

तीन प्रकार, आणि एक जरा सविस्तर

१८०० ते १८५० या काळातली अमेरिकन सिल्हूट मुख्यतः तीन पद्धतींची. पहिली हॉलो-कट: पांढऱ्या कागदातून चेहरा कापून काढून टाकायचा आणि त्या भोकामागे काळा कागद, काळं रेशीम किंवा काळं कापड ठेवायचं. दुसरी कापून चिकटवलेली: काळ्या कागदाची आकृती पांढऱ्या कागदावर डकवायची. तिसरी रंगवलेली: कागदावर, प्लास्टरवर किंवा काचेच्या आतल्या बाजूला काळा रंग.

चौकटीच्या काचेतूनही पहिल्या दोन पद्धती ओळखता येतात. दिवा एका बाजूला, जवळजवळ काचेला समांतर धरा. पांढऱ्या कागदाची कड वर आणि काळं खाली असेल, कडेची बारीक सावली आकृतीच्या आत पडत असेल, तर ते हॉलो-कट. सावली आकृतीच्या बाहेर पांढऱ्यावर पडली तर चिकटवलेलं. सावली कुठंच नसेल तर रंगवलेलं, नाहीतर छापील. दहापट भिंगाखाली समान ठिपक्यांची जाळी दिसली की छापील, आणि विषय संपला.

अमेरिकेत सर्वांत जास्त पसरली ती हॉलो-कट पद्धत, आणि तिच्यामागे एक यंत्र होतं. फिलाडेल्फियात चित्रकार चार्ल्स विल्सन पील यांचं संग्रहालय होतं. तिथं १८०२ च्या अखेरीस जॉन आयझॅक हॉकिन्स यांचं फिजिओनोट्रेस, म्हणजे बाजूच्या चेहऱ्याची रेषा टिपणारं यंत्र, बसवलं गेलं. बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरून पितळी पट्टी प्रत्यक्ष फिरायची आणि पँटोग्राफच्या (रेषेची लहान-मोठी नक्कल करणाऱ्या सांधेदार दांड्यांच्या) दुसऱ्या टोकाची सुई तीच रेषा लहान प्रमाणात कागदावर दाबून उमटवायची. शाई नाही, पेन्सिल नाही, नुसता दाब. कागद दोनदा दुमडलेला असे, म्हणजे चार पदर. दाबाच्या रेषेवरून कात्री फिरली की एका बैठकीत चार चेहरे तयार. दुमडण्यामुळे त्यातले दोन डावीकडे बघतात आणि दोन उजवीकडे. म्हणून एकाच मुलाची परस्परांच्या आरशातल्या प्रतिमेसारखी दोन सिल्हूट सापडली तर ते संशयाचं कारण नाही, उलट पद्धतीशी जुळणारी गोष्ट आहे.

ही कात्री बहुतेक वेळा मोझेस विल्यम्स यांच्या हातात असे. ते पील यांच्या घरात गुलामीत वाढले, याच सुमारास मुक्त झाले आणि संग्रहालयात एका बैठकीचे ८ सेंट घेऊन चेहरे कापू लागले. १८०३ या एका वर्षात तिथं आठ हजारांहून जास्त चेहरे कापले गेले. त्यांच्या हाताची सफाई पाहायची असेल तर केस पाहावेत. यंत्र कपाळापासून छातीपर्यंतची रेषा देतं, पण कपाळावर आलेली बट किंवा मानेवरचे कुरळे केस देत नाही. तिथं कात्री धरणाऱ्याची नजरच कामाला येते. पुढे कित्येक वर्षं या कामाचं श्रेय पील यांच्या नावाखाली गेलं, ही गोष्ट मला फार खटकते. आजही नोंदीत ‘पील’ एवढंच लिहून भागवलं जातं.

पीलच्या कागदांवर खांद्याखाली शाईविना दाबून उठवलेला शिक्का असतो: ‘म्युझियम’, ‘पील्स म्युझियम’ असे त्याचे काही प्रकार आहेत. पण संग्रहालयात येणाऱ्यांना यंत्र स्वतःही वापरता येत असे. म्हणजे शिक्का कागद कुठला ते सांगतो, हात कोणाचा ते सांगत नाही. शिवाय याच शिक्क्यांची नक्कल सगळ्यात जास्त झाली आहे. खरा शिक्का आडव्या प्रकाशात पाहिला तर कागदाचे तंतू दाबले गेलेले दिसतात, मागच्या बाजूला तितकाच उठाव दिसतो आणि त्या उठावावर दोनशे वर्षांचा मळ इतर कागदाइतकाच बसलेला असतो. नव्या शिक्क्यात उठावाच्या कडा स्वच्छ आणि धारदार राहतात, कारण जुन्या कागदावर अलीकडे दाब दिला की वरचा मळकट थर तडकतो.

मुलाचा चेहरा कापताना काय चुकतं

बनावट काम पकडायचा सर्वांत भरवशाचा मार्ग शरीररचनेतून जातो. तीन-चार वर्षांच्या मुलाचं कपाळ पुढे आलेलं आणि उभं असतं. नाकाचा पूल खोल बसलेला, नाकाची रेषा आतल्या बाजूला वळलेली, शेंडा किंचित वर. वरचा ओठ पुढे, हनुवटी मागे. डोक्याचा मागचा भाग भरीव आणि मान बारीक. मोठ्यांचे चेहरे कापायची सवय असलेला माणूस मुलाचा चेहरा कापतो तेव्हा तो नकळत नाकाचा पूल वर उचलतो आणि कपाळ मागे झुकवतो. परिणाम म्हणजे लहान केलेला प्रौढ. जुन्या फिरत्या कारागिरांतही हे होत असे, पण यंत्राची रेषा असली की कमी होई, कारण ती रेषा प्रत्यक्ष चेहऱ्यावरून आलेली असते.

दुसरी गोष्ट मापाची, आणि ती फारसं कोणी तपासत नाही. यंत्राचं लहान करण्याचं प्रमाण एका मांडणीत सारखंच राहतं. सहा वर्षांच्या मुलाच्या डोक्याचा घेर प्रौढाच्या सुमारे नऊ-दशांश झालेला असतो. म्हणून एकाच कारागिरानं, एकाच दिवशी, यंत्रावर काढलेल्या आई-वडील आणि मुलाच्या संचात मुलाचं डोकं आईच्या डोक्यापेक्षा थोडंसंच लहान हवं. चेहरा आखूड दिसेल, पण कवटी नाही. संचात मुलाचं डोकं निम्म्या आकाराचं दिसलं, तर तो संच नंतर कोणीतरी जुळवला आहे किंवा मुलाचा तुकडा नवा आहे असं समजून पुढचा तपास करावा. हातानं, यंत्राविना कापणाऱ्यांना हा नियम लागू नाही.

मूल हलतं, हीही अडचण होतीच. चेहऱ्याला टेकत जाणारी पट्टी दोन वर्षांच्या मुलाला सहन होणं कठीण. भिंगातून कडेजवळ पाहिलं तर कापलेल्या रेषेबाहेर सुईच्या दाबाची रेषा कधी कधी शिल्लक दिसते. मुलांच्या कागदावर ती कडेपासून लांब भरकटलेली दिसली तर दोष मानू नये. कारागिरानं तिथं यंत्राचं न ऐकता डोळ्याचं ऐकलं, एवढाच त्याचा अर्थ. उलट अशी दाबरेषा हा चांगला पुरावा आहे, कारण नक्कल करणारा ती सहसा करत नाही.

कापणीचा शेवट छातीशी होतो. खांद्याखालची ती शेवटची वळणदार रेषा प्रत्येक कारागिराची वेगळी असते: कोणाची एका झोकात, कोणाची मध्ये टोक काढलेली, कोणाची पाठीकडे आखूड. सही नसलेल्या कामाची ओळख याच रेषेवरून सुरू होते. हॉलो-कटमध्ये चारी बाजूंचा कागद शाबूत राहायला हवा, म्हणून कात्रीला आतल्या टाकाऊ भागातून शिरून पुन्हा त्याच जागी यावं लागतं. जिथं सुरुवात आणि शेवट मिळतात तिथं बारीकशी पायरी राहू शकते. कात्रीनं वळण घेताना कागद फिरवला जातो, त्यामुळे कड म्हणजे अगदी छोट्या सरळ तुकड्यांची माळ असते. पात्यानं कापलं तर कोपऱ्यात रेषा पुढे निसटलेली दिसते. आणि कड सगळीकडे काचेसारखी गुळगुळीत असेल, एकही तुकडा किंवा तंतू नसेल, तर ती साच्यानं कापलेली किंवा आजच्या यंत्राची.

कोणाचं काम

मॅसॅच्युसेट्समधल्या सेलमचे विल्यम किंग १८०४ पासून काही वर्षं न्यू इंग्लंडभर, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्येकडच्या राज्यांत, फिरले. त्यांच्या जाहिरातीत एका व्यक्तीच्या दोन प्रतींचे २५ सेंट आणि चौकटीचे ५० सेंट ते २ डॉलर असे दर होते. म्हणजे चौकट चित्रापेक्षा महाग. हे लक्षात ठेवलं तर इतकी सिल्हूट चौकटीविना, घरच्या बायबलमध्ये किंवा वहीत ठेवलेली का सापडतात ते कळतं. विल्यम बाश यांच्याकडेही पेटंट घेतलेलं फिजिओनोट्रेस होतं. त्यांनी आपल्या प्रती एका वहीत चिकटवून ठेवल्या होत्या. वॉशिंग्टनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीतल्या त्या वहीत १,८०० हून जास्त चेहरे आहेत, आणि तिच्या कागदात आर्सेनिक सापडलं आहे. ही नुसती गमतीची माहिती नव्हे: त्या काळच्या रंगीत कागदात आणि रंगांत विषारी द्रव्यं असू शकतात, म्हणून नायट्राइल हातमोजे घालावेत आणि काम झाल्यावर हात धुवावेत.

‘पफी स्लीव्ह आर्टिस्ट’ या नावानं ओळखला जाणारा कारागीर मात्र आजही अनामिक आहे. १८३०–३१ च्या सुमारास न्यू इंग्लंडमध्ये त्यानं डोकं हॉलो-कट ठेवून खालचं शरीर त्याच कागदावर जलरंगात रंगवलं. फुगीर बाह्या ही त्याची खूण. अशा मिश्र कामात तपासायची जागा म्हणजे मान. कागद जिथं कापलेला संपतो आणि रंग सुरू होतो, तिथं रंग कापलेल्या कडेवरून खाली उतरला आहे की कडेच्या आधीच थांबला आहे ते पाहा. एखादं साधं जुनं हॉलो-कट घेऊन त्यावर नवं, आकर्षक शरीर रंगवलं तर रंग जुन्या मळावर बसतो. ओलसर ब्रशनं मळ पुढे ढकलला जातो आणि रंगाच्या बाहेरच्या हद्दीवर तपकिरी काठ उमटतो. मुलाच्या हातात फूल, पुस्तक किंवा मांजर ‘नंतर आलं’ असेल तर ते असंच उघडं पडतं.

फिरते चित्रकार रूफस पोर्टर यांचं दरपत्रक या सगळ्या व्यवसायाचं गणित एका नजरेत दाखवतं: दुहेरी कापलेला साधा चेहरा २० सेंट, पूर्ण रंगातला बाजूचा चेहरा २ डॉलर, समोरचा चेहरा ३ डॉलर, हस्तिदंतावरची लघुप्रतिमा ८ डॉलर. चार मुलांच्या कुटुंबाला २० सेंटचा पर्याय का पटत असेल ते वेगळं सांगायला नको.

रूथ हेन्शॉ बॅस्कम (१७७२–१८४८) यांचं काम सिल्हूटच्या शेजारचं. त्या मॅसॅच्युसेट्समध्ये माणसाच्या सावलीची कड कागदावर आखून जवळजवळ खऱ्या मापाचे बाजूचे चेहरे पेस्टलनं रंगवत. मुलांची अशी चित्रं त्यांनी बरीच केली. मण्यांसाठी आणि चष्म्यासाठी धातूचा वर्खही लावत. पेस्टल कोरडी भुकटी असते, हे पुढे चौकटीच्या वेळी उपयोगी पडेल.

पूर्णाकृती मुलांच्या सिल्हूटचा विषय निघाला की ओगुस्त एदुआर (१७८९–१८६१) यांच्याशिवाय पुढे जाता येत नाही. हे फ्रेंच कारागीर १८३९ मध्ये अमेरिकेत आले आणि १८४९ पर्यंत न्यू यॉर्क, बोस्टन, फिलाडेल्फिया, वॉशिंग्टन, साराटोगा अशा ठिकाणी काम करत राहिले. यंत्राला त्यांचा ठाम विरोध होता. एका बाजूनं काळा, दुसऱ्या बाजूनं पांढरा असा पातळ कागद काळी बाजू आत घेऊन दुमडायचा, पांढऱ्या बाजूवर पेन्सिलीनं आकृती आखायची आणि दोन्ही पदर एकदम कापायचे. एक प्रत गिऱ्हाइकाला, दुसरी स्वतःच्या संग्रहाला. संग्रहातल्या प्रतीवर नाव, गाव आणि तारीख लिहिलेली. अशी शिस्त त्या काळच्या दुसऱ्या कुठल्या फिरत्या कारागिरात मला दिसत नाही. १८४९ च्या डिसेंबरात परतीच्या प्रवासात ‘वनायडा’ हे जहाज गर्न्सी बेटाजवळ फुटलं आणि संग्रहाचा मोठा भाग बुडाला. जे वाचलं ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उजेडात आलं. न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आणि नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत ही कामं मोठ्या संख्येनं आहेत.

एदुआर यांची मुलं चक्री पळवतात, चाबूक उडवतात, कुत्र्यापुढे खाऊ धरतात. ओळखायची खूण कपड्यांत आहे: कॉलर आणि बटणपट्टी दाखवायला ते काळ्यात अगदी बारीक चीर देतात आणि खालचा पांढरा कागद दिसू देतात. सोनेरी रंगाची सजावट त्यांना नापसंत होती. म्हणून ‘एदुआर’ असं सांगितलेल्या मुलाच्या फ्रॉकवर सोनेरी रेषा दिसल्या तर त्या नंतर कोणीतरी ओढल्या आहेत किंवा काम दुसऱ्याचं आहे. मागची पार्श्वभूमी बऱ्याचदा शिळाछापाची, म्हणजे दालन किंवा नदीकाठ. मुलाचे पाय जमिनीच्या रेषेवर नीट टेकलेले नसतील, तर आकृती एका कागदावरून सोडवून दुसऱ्या, जास्त सुंदर पार्श्वभूमीवर डकवली आहे का ते पाहावं. डिंकाची जुनी पुसट कड आकृतीबाहेर कुठंतरी दिसते.

विल्यम जेम्स हबर्ड स्वतःच मुलगा असताना प्रसिद्ध झाले. इंग्लंडमधून १८२४ मध्ये न्यू यॉर्कला आले तेव्हा त्यांचं वय सतरा होतं. ‘हबर्ड गॅलरी’चा शिक्का असलेलं प्रत्येक काम त्यांच्या हातचं नसतं, त्या नावाखाली इतरांनीही कापलं आहे. मार्था अ‍ॅन हनीवेल जन्मतः हातांविना होत्या, तोंडानं आणि पायाच्या बोटांनी कात्री चालवत आणि तसं कागदावर लिहीतही. त्यांच्या मुलांच्या आकृती साध्या, पण कड आश्चर्यकारक स्वच्छ असते.

कपड्यांवरून वय, पण जपून

त्या काळी मुलगा चार ते सहा वर्षांचा होईपर्यंत फ्रॉकच घालत असे. फ्रॉक दिसला की ‘मुलगी’ लिहून मोकळं होणं ही नोंदींमधली सर्वांत मोठी चूक आहे. १८२० पर्यंत मुलींचेही केस पुष्कळदा आखूड कापलेले असत, त्यामुळे नुसत्या मुखाकृतीवरून मुलगा की मुलगी हे बऱ्याचदा ठरतच नाही. तेव्हा ‘मूल’ असं लिहावं. त्यात काही कमीपणा नाही. रंगवलेल्या किंवा पूर्णाकृती कामात थोडा आधार मिळतो: बाजूचा भांग सहसा मुलाचा, मधला मुलीचा, चाबूक, हातोडी, लाकडी घोडा मुलाकडे, बाहुली मुलीकडे. हे कल आहेत, नियम नाहीत.

काळासाठी कपडे जास्त कामाचे. गळ्याभोवती झालर आणि उंच कंबरेला बटणांनी जोडलेली पँट-जाकीट असा मुलाचा पोशाख साधारण १७९० ते १८३० चा. फ्रॉकखाली पायघोळ चुणीदार पँटलेट दिसली तर बहुधा १८२० नंतरचा. मोठ्या फुगीर बाह्या १८३० च्या आसपासच्या. मागच्या चिठ्ठीवर १८०८ आणि अंगावर १८३२ ची बाही असं दिसलं, तर बाहीवर विश्वास ठेवावा.

चिठ्ठ्या बहुधा नातवंडांनी लिहिलेल्या असतात. त्या फेकायच्या नाहीत, पण तपासायच्या. अमेरिकेच्या १७९० ते १८४० च्या जनगणनेत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव असे, १८५० पासून घरातल्या प्रत्येक स्वतंत्र व्यक्तीचं नाव आणि वय. म्हणून १८२५ मध्ये चार वर्षांचं असलेलं मूल १८५० मध्ये एकोणतीस-तीस वर्षांच्या माणसाच्या रूपात शोधावं. मॅसॅच्युसेट्सच्या गावोगावच्या १८५० पर्यंतच्या जन्म-विवाह-मृत्यू नोंदी छापील खंडांत मिळतात, आणि न्यू इंग्लंडच्या कामासाठी त्यांच्याइतकं उपयोगी साधन दुसरं नाही.

कागद आणि मागचं काळं

कागद प्रकाशासमोर धरा. समांतर बारीक रेषा आणि त्यांना छेदणाऱ्या, दोन-तीन सेंटीमीटर अंतरावरच्या ठळक रेषा दिसल्या तर तो लेड कागद. एकसारखा ढगाळ दिसला तर वोव्ह. दोन्ही या काळात वापरात होते, त्यामुळे एवढ्यावर निकाल देता येत नाही. पण कागद चिंध्यांचा असायला हवा. लाकडाच्या लगद्याचा कागद १८६० नंतर पसरला. तो पूर्ण जाडीभर पिवळा पडतो आणि कडेला तुटतो. ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील टॉर्चखाली कागद निळसर पांढरा चमकला तर त्यात विसाव्या शतकाच्या मध्यानंतरची उजळवणारी रसायनं आहेत. आकृतीच्या कागदात ती दिसली तर पुढे वेळ घालवू नये. नुसत्या मागच्या पुठ्ठ्यात दिसली तर कोणीतरी नव्यानं चौकट केली आहे, इतकंच.

नक्कल करणाऱ्यांना खरा जुना कागद मिळवणं कठीण नसतं. जुन्या पुस्तकांची कोरी पानं आणि जमाखर्चाच्या वह्या त्यासाठी वापरल्या जातात. म्हणून कापलेल्या कडेचा रंग बघायचा. जुनी कड पृष्ठभागाइतकीच मळलेली असते. नव्यानं कापलेल्या जुन्या कागदाच्या कडेत आतला फिकट गाभा दिसतो. चहा-कॉफीनं रंगवलेली कड पृष्ठभागापेक्षा गडद होते, कारण कापलेले तंतू द्रव जास्त शोषतात. आणि हस्ताक्षरातला एखादा शब्द नाकाच्या रेषेनं मध्येच कापला गेला असेल, तर कागद लिहिल्यानंतर आणि कदाचित फार नंतर कापला गेला आहे.

या सगळ्याहून मला जास्त पटणारी परीक्षा मागच्या काळ्या रेशमाची. भोकातून प्रकाश पडलेला भाग वर्षानुवर्षं उडत जातो, झाकलेला भाग काळाच राहतो. कागद हलकेच उचलला की रेशमावर मुलाच्या चेहऱ्याची तपकिरी छाप दिसायला हवी, आणि ती भोकाशी तंतोतंत जुळायला हवी. छाप नाही, तर रेशीम बदललेलं आहे किंवा चित्र नवं आहे. छाप दुसऱ्याच चेहऱ्याची असेल, तर दोन वस्तूंची एक केलेली आहे. काळ्या रंगवलेल्या कागदावर हा फरक पुसट दिसतो, पण शोधला तर सापडतो.

बाहेर फुगलेल्या काचेच्या आत रंगवलेली, लहान धातूच्या चौकटीतली मुलामुलींची सिल्हूट १९२० ते १९४० च्या दशकांत सजावटीसाठी कारखान्यांत बनली. ती फसवणूक नाही, पण हा विषयही नाही.

चौकट उघडताना

आधी पुढून, मागून आणि चारी कडांचे फोटो काढा. मऊ कापडावर चौकट पालथी ठेवा. मागचा जुना कागद फाडू नका. पातळ बोथट पात्यानं तीन बाजू सोडवा आणि चौथीवर बिजागरीसारखा वळवा. खिळे पकडीनं सरळ वर ओढा, पटाशीनं उचकटू नका, कारण जोर चौकटीच्या मागच्या फळीवर येतो आणि फळी थेट कागदावर दाबली जाते. चौकोनी, निमुळते कापीव खिळे त्या काळाशी जुळतात. गोल तारेचे खिळे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाचे आणि नंतरचे. खिळ्यांची भोकं मात्र मोजा: खिळ्यांपेक्षा भोकं जास्त असतील तर चौकट आधी उघडली गेली आहे.

फळी निघाली की तिच्या गाठींचे आणि रेषांचे तपकिरी डाग कागदाच्या मागे उमटलेले आहेत का ते पाहा. फळी आणि कागद दोघांवर एकच नक्षी असेल तर ते दीर्घकाळ एकत्र राहिले आहेत. हा पुरावा मोलाचा आहे, तेव्हा डाग धुवून काढायच्या भानगडीत पडू नका.

हॉलो-कटमध्ये सर्वांत नाजूक जागा म्हणजे पापणी, कपाळावरची बट आणि मानेवरचे केस, म्हणजे कागदाच्या आत घुसलेल्या एखाद-दुसऱ्या मिलिमीटरच्या चिरा आणि टोकं. कागद उचलताना वरच्या कोऱ्या कडेला धरा, भोकाच्या बाजूनं कधीच नाही. कोपरे रेशमाला चिकटलेले असतील तर ओढू नका. ते काम कागदाच्या संवर्धकाचं. इस्त्री, पारदर्शक चिकटपट्टी, ब्लीच, खोडरबर, यातलं काहीही वापरू नका. चिकटपट्टीचा डिंक काही वर्षांत कागदात झिरपतो आणि पिवळा डाग कायमचा राहतो. तपकिरी ठिपके राहिले तरी चालतात.

परत बसवताना आम्लमुक्त पासपार्टू (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची खिडकी) वापरा आणि काच कागदाला टेकणार नाही इतकी जाडी ठेवा. टेकली तर दमट हवेत कागद काचेला चिकटतो. आकृती जपानी कागदाच्या बिजागरीवर, गव्हाच्या स्टार्चच्या खळीनं, फक्त वरच्या कडेला टांगा. चारही कडा चिकटवल्या तर कागदाला फुगायला-आकसायला जागा उरत नाही आणि तो मानेच्या अरुंद जागी फाटतो. अतिनील किरण अडवणारी काच चांगली. साधं अ‍ॅक्रिलिक स्थिर विजेनं भुकटी ओढतं, म्हणून पेस्टलवर आणि सुटणाऱ्या रंगावर ते नको. जुनी लहरी काच काढावी लागली तर जपून ठेवा. काळ्यावर सोनेरी पट्टी रंगवलेली काच असेल तर ती जागेवरच असू द्या आणि तिच्या मागे पातळ पट्ट्यांचं अंतर द्या.

प्रकाश ५० लक्सच्या आत, आर्द्रता ४५ ते ५० टक्के आणि तिच्यात चढउतार कमी. कसर खळीसाठी येते, काळ्या कागदासाठी नाही, त्यामुळे चिकटवलेल्या सिल्हूटची मागची बाजू वर्षातून एकदा पाहावी. काळं रेशीम कागदापेक्षा लवकर उडतं. म्हणून हॉलो-कट काही महिने भिंतीवर आणि मग आम्लमुक्त पेटीत, सपाट ठेवावं. जुने खिळे, मागचा कागद आणि चिठ्ठी वेगळ्या पाकिटात, चित्राच्याच क्रमांकानं, पण चित्राला न लागता त्याच पेटीत ठेवावी.